विहिरींची तरतूद करणारा माणूस

२०१४ साल होतं आणि मला बासष्टावं लागलं होतं, तेव्हा मी एका माणसावर चारचौघांत खोटा आळ घेतला. त्या माणसानं आमच्या ओढ्याकाठच्या पाच विहिरी साफ करायला पैसा बाजूला काढून ठेवायला लावला होता. तो पैसा मी एका पेलाभर पाण्यात घालवला. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी त्याच्या गमती सांगायला लागलो तर कुणाला वाटायला नको, की म्हातारा मजेत लिहितोय.

नाव सांगत नाही. तसंही वारूळवाडीत त्याला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. सगळे ‘तरतूदवाले’च म्हणायचे, आणि तो त्याला ओ द्यायचा.

ओढ्याच्या वरच्या अंगाला एक फॅक्टरी होती. गाड्यांना लागणाऱ्या नटबोल्टांना, पट्ट्यांना तिथं चकाकी चढवत. त्याला आसिड लागतं, आणखी काय काय पिवळं-हिरवं लागतं. वापरलेलं पाणी मागच्या खड्ड्यात सोडत, आणि त्याचा गाळ तिथंच साठत जाई. खड्ड्याला ना सिमेंट, ना खाली प्लॅस्टिकचा कागद. खड्ड्याच्या खाली उतारानं आमच्या विहिरी. पहिली माझी. पुढचं सांगायला नको. त्या फॅक्टरीचा हिशेबनीस म्हणजे हा माणूस, आणि माझ्या गोठ्याशेजारच्या खोलीत आठ वर्षं भाडेकरू.

खोली बघायला आला तो दिवस अजून डोळ्यांपुढं आहे. उंच, पुढं वाकलेला, खिशाला एक पेन आणि एक पेन्सिल. घडलेलं पेनानं लिहायचा, घडायचं पेन्सिलीनं. खोलीत शिरला आणि वर कौलांकडं बघत उभाच राहिला.

“अण्णा, पावसाळ्यात इथं बादल्या किती ठिकाणी ठेवता?”

“एकबी न्हाई. माझं घर गळत न्हाई.”

“मग त्या कोपऱ्यात ओल कशाची?”

आतून बायको हसली. मला राग आला, पण तो काही माझी चूक काढायला बोलला नव्हता. त्यानं खाली बसून पेन्सिलीनं वहीत लिहिलं, मग मला समजावून सांगायला लागला. जगात तीनच प्रकारच्या गोष्टी असतात म्हणे. एक ‘होणार’, दुसरी ‘होईल न होईल’ आणि तिसरी ‘कशाला होतंय’. होणार असेल तर त्याची तरतूद आत्ताच करायची, वेळ येईपर्यंत थांबायचं नाही. होईल न होईल असेल तर हिशेबाच्या तळाला नुसती टीप लिहायची. आणि कशाला होतंय, त्यासाठी कागद वाया घालवायचा नाही.

“आन कौलातनं पाणी?” मी विचारलं.

“होणार. दोन बादल्या आणतो मी.”

पाऊस लागला आणि गळलं. दोनच ठिकाणी गळलं. तेव्हापासून माझी बायको त्याला मानायला लागली. मी मानलं नाही. बागायतदार माणूस मी, टोमॅटो नारायणगावच्या बाजारात माझ्या नावावर जायचा. आणि हा डिंभ्याच्या वरच्या डोंगरातला, भात-नाचणी खाणारा, वावर म्हणजे काय तर उतारावरची चार खाचरं. एकदा मी त्याला म्हणालो पण, “तुमा डोंगरातल्यांना विहीर काय कळायची? तुमच्याकडं नुसते झरे.”

“म्हणून तर कळतं अण्णा. आमचा एक झरा नासला तर दुसरा कुठं खणायचा?”



आमच्याकडं ऊस उभा राहिला की बिबट्या आलाच. फॅक्टरी सुटल्यावर हा ओढ्याच्या वाटेनं चालत यायचा, तेव्हा त्यानं नारायणगावातून तमाशातली जुनी घुंगरं आणून काठीला बांधली. खणखण खणखण करत हा यायचा आणि पोरंबाळं दारात येऊन बघायची. दत्तू, माझा चुलतभाऊ, बांधावरून ओरडायचा, “आली का बाई फडावर?”

तो थांबून शांतपणे सांगायचा, “बिबट्या ‘होईल न होईल’मधला आहे दत्तूशेठ. त्याला तरतूद लागत न्हाई, टीप लागती. ही घुंगरं म्हणजे टीप.”

पुढं बिबट्यानं माझीच शेळी गोठ्यातून ओढून नेली. सकाळी आम्ही रक्त बघत उभे होतो. हा आला, वही काढली, एक ओळ खोडली, दुसरीकडं लिहिली. “अण्णा, आता तो ‘होणार’मध्ये गेला. जाळी बसवा.” मी म्हटलं, शेळी गेली, आता कशाला? तर म्हणाला, “गेलेल्या शेळीसाठी न्हाई सांगत. त्याला आता वाट म्हाईत झालीया.” मी जाळी बसवली नाही. कुणी सांगितलं म्हणून करायचं हे माझ्या रक्तातच नाही. दुसरी शेळीही गेली.

माझा मेव्हणा बोरी बुद्रुकचा. प्रत्येक कार्याला ‘यायला जमायचं न्हाई’ असा निरोप धाडायचा आणि ऐन पंगतीला चार माणसं घेऊन दारात उभा. बायको दरवेळी रडकुंडीला यायची. एका वर्षी तरतूदवाल्यानं तिला आधीच सांगितलं, “वहिनी, पाच पानं जास्त धरा.”

“आवो, त्यांचा निरोप आलाय, येत न्हाईत म्हणून.”

“निरोप राहू द्या. माणूस काय म्हणतो ते मी धरत न्हाई. मागच्या खेपांना काय केलं ते धरतो.”

मेव्हणा आला. या खेपेला पाच जणांना घेऊन. हा जेवता जेवता उठला आणि स्वतःचं ताट त्या पाचव्याला दिलं. म्हणाला, माझा अंदाज चुकला, ते माझ्याकडं.

फॅक्टरीत तो कसा होता ते मला दुसऱ्यांकडून कळलं. तिथल्या एका कामगाराच्या हातावर आसिड सांडलं, बोटं आखडली, त्यानं कोर्टात दावा लावला. फॅक्टरीचे शेठ पुण्याचे, आठवड्यातून एकदा गाडीनं यायचे. त्यांचं म्हणणं, दावा चालेल तवर चालेल, निकाल लागला तर बघू. ह्यानं निकालाची वाट बघितली नाही. दर रविवारी सायकलवरून त्या कामगाराच्या घरी जायचा, हात बघायचा, बोट किती वाकतं ते विचारायचा, डॉक्टरनं काय सांगितलं ते लिहून घ्यायचा आणि सोमवारी वहीतला आकडा बदलायचा. शेठ भडकले. “तुम्ही त्याचे वकील आहात का माझे हिशेबनीस?”

“हिशेबनीसच आहे शेठ. पण तो हात आता आपल्या वहीतला आहे.”

हे मला त्या कामगारानंच सांगितलं. तो म्हणाला, शेवटी तडजोड झाली तेव्हा पैसे चारच दिवसांत मिळाले, कारण ते आधीच धरून ठेवलेले होते. नाहीतर शेठनं ‘यंदा धंदा मंदा आहे’ म्हणून वर्षभर फिरवलं असतं.

विहिरींचंही त्यानं तसंच चालवलं. त्या काळात पाण्याला पिवळट रंग आला होता. टोमॅटोची पानं कडेनं करपायची. दत्तूनं आणि बाकी तिघांनी मिळून फॅक्टरीवर दावा लावला, विहिरी साफ करून द्या म्हणून. मला बोलवायला दत्तू आला होता. मी गेलो नाही. दत्तूचं आणि माझं बांधावरून वाकडं होतं, आणि त्यानं काढलेल्या दाव्यात मी त्याच्या मागं उभा राहायचं, हे मला मरेपर्यंत जमलं नसतं. लोकांना सांगताना मात्र मी दुसरंच सांगायचो. म्हणायचो, माझ्या विहिरीला काही झालेलं नाही.

ती विहीर माझ्या पणजोबानं बांधलेली. घडीव दगडाची, आत उतरायला पायऱ्या, दोन मोटा चालायच्या. बहात्तरच्या दुष्काळात आसपासच्या तीन वाड्या त्या विहिरीवर जगल्या. मी तेव्हा विशीत होतो, रांगेतल्या बायकांना पोहऱ्यानं पाणी काढून दिलेलं आहे मी. त्या विहिरीचं पाणी नासलं असं माझ्या तोंडानं म्हणायचं?

तरतूदवाला सुट्टीच्या दिवशी दोरीला गाठी मारून विहिरी मोजत हिंडायचा. किती खोल, पाणी किती, गाळ किती, उपसायला किती दिवस, नवी माती टाकायला किती ट्रॉल्या, तोवर पाण्याचे टँकर किती, फॅक्टरीमागचा खड्डा उचलून नेऊन नवा बांधायला काय लागेल. सगळं पेन्सिलीनं. चार विहिरी मोजून झाल्या आणि एक दिवस माझ्या विहिरीच्या काठावर दोरी घेऊन उभा.

“काय वो, विहीर मोजताय का पोरगी बघताय?” मी म्हणालो.

“अण्णा, पाचवी राहिली.”

“हिला काय धाड भरलीय?”

“तुमी पिता का हिचं पाणी?”

दोन वर्षं झाली होती, आमच्या घरात पिण्याला गावच्या नळाचं पाणी होतं. हंडे तोही भरायचा, बायकोही भरायची. त्याला माहीत होतं. मी त्याच्या हातातून दोरी ओढून घेतली. तो विहिरीत वाकून बघून निघून गेला.

त्याच संध्याकाळी ओट्यावर बसून मी त्याला विचारलं, “शेठची भाकरी खाता आन शेठच्याच उरावर एवढा खर्च का चढवता?”

“मी चढवत न्हाई अण्णा. तो खर्च कवाच झालाय. पाणी नासलं त्या दिवशी झाला. कागदावर तेवढा यायचा राहिलाय.”

“आन कोर्टानं न्हाई म्हटलं तर?”

“तर खोडायचा. पण आज मला दिसतंय ना, की हे द्यावं लागणार. दिसत असून लिहिलं न्हाई तर शेठला वाटंल सगळा नफा आपलाच. मग ते गाडी घेतील, बंगला बांधतील, आन तुमची पाळी आल्यावर खिसे उलटे करून दाखवतील.”

मी तेव्हा समजत होतो की तरतूद म्हणजे कपाटात ठेवलेली थैली. त्यानं समजावलं. ती थैली नसते, नुसता वहीतला आकडा असतो, तेवढी रक्कम शेठला आपली म्हणता येत नाही. पण ह्या शेठला तो ओळखून होता. म्हणून मागं लागून लागून त्यानं तेवढ्या रकमेची बँकेत वेगळी ठेवसुद्धा करायला लावली. शेठनं चरफडत सही केली. पुण्याचे ऑडिटर त्याच्या बाजूचे होते म्हणून झालं. पाचही विहिरी धरून. म्हणजे मी दोरी ओढून घेतली तरी माझी विहीर त्यानं अंदाजानं धरलीच होती. हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

आता तो दिवस सांगतो.

दाव्यामुळं सरकारी खात्याचे दोघं जण पाणी तपासायला आले. पहिली विहीर माझी म्हणून माझ्याच दारात आले. शेठ गाडीतून उतरले, पांढरे बूट चिखलाला लागू नयेत म्हणून दगडावर उभे राहिले. दत्तू आणि बाकीचे दावेदार बांधावर. तरतूदवाला फाईल घेऊन शेठच्या मागं. आणि नेमका त्याच वेळी बाजारातला व्यापारी माझा टोमॅटो न्यायला टेम्पो घेऊन आलेला. साठ-सत्तर क्रेट भरून तयार.

व्यापाऱ्यानं विचारलं, “काय भानगड आहे अण्णा?”

खात्यातला एक जण बाटली दाखवत म्हणाला, “विहिरीत आसिडचं पाणी उतरलंय अशी तक्रार आहे.”

व्यापाऱ्यानं हातातला टोमॅटो बघितला आणि हळूच क्रेटमध्ये परत ठेवला. ते ठेवणं मला सोसलं नाही. वर बांधावरून दत्तू म्हणाला, “आता तरी खरं बोल म्हणावं!”

बस. माझं डोकं फिरलं.

“माझ्या विहिरीला नावं ठेवायची न्हाईत!” मी ओरडलो. “बाटली बाजूला ठेवा. बाटलीत काय कळतंय? मी पिऊन दावतो.” आणि बायकोला पेला आणायला सांगितला. ती उंबऱ्यात उभी होती, हलली नाही. मीच आत जाऊन पेला आणला, पायऱ्या उतरलो, पेला बुडवला, वर आलो आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यालो. पत्र्याची चव होती. मी मिशी पुसली आणि म्हणालो, “अमृत हाय.”

शेठ दगडावरून खाली उतरले. एवढे खुश झालेले त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. “लिहा, साहेब. फॅक्टरीला सगळ्यात जवळची विहीर ही. हिचंच पाणी मालक स्वतः पितायत. मग लांबच्या विहिरी कशा नासतील?”

मला तेव्हा कुठं कळलं मी काय केलं ते. पण केलेलं मागं घेणं मला येत नाही.

खात्यातला दुसरा माणूस जरा सरळ होता. तो तरतूदवाल्याकडं वळला. “तुम्ही इथंच राहता ना? तुम्ही कुठलं पाणी पिता?”

शेठ त्याच्याकडं बघत होते. मी बघत होतो. त्याची नोकरी शेठच्या हातात, राहतं घर माझ्या. त्यानं फाईल या काखेतून त्या काखेत घेतली.

“नळाचं पितो, साहेब. या घरात विहिरीचं पाणी दोन वर्षांत कुणी प्यालेलं न्हाई. आज अण्णा प्याले तेवढंच.”

व्यापारी टेम्पोकडं चालायला लागला. आणि माझ्या तोंडातून गेलं, “खोटं बोलतोय हा! भाडं थकवलंय त्यानं सहा महिन्यांचं. मी मागितलं म्हणून विहिरीची बदनामी करतोय!”

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. आठ वर्षांत त्या माणसानं एकही महिना चुकवला नव्हता. एक तारखेला सकाळी कामावर जायच्या आधी बायकोच्या हातात पैसे. एकदा ताप आला होता तर खिडकीतून दिले. शेठ मोठ्यानं हसले आणि म्हणाले, “घ्या. दुसऱ्याच्या देण्याची एवढी काळजी, आणि स्वतःचं देणं थकलेलं!”

मला वाटलं हा आता वही काढेल. त्याच्या वहीत सगळं होतं, तारखेवार. पण त्यानं वही काढली नाही. माझ्याकडं बघितलं फक्त. रागानंही नाही. मेव्हण्याच्या पंगतीत अंदाज चुकला तेव्हा जसं बघितलं होतं, तसं. मग मान खाली घातली.

गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा झाला. पाणी मालकाने स्वतः पिऊन दाखवले. सदर हिशेबनीसाचे घरभाडे थकल्याने तो विहिरीबद्दल आकसाने बोलत आहे असे मालकाचे म्हणणे. खाली माझी सही, चौथीच्या अक्षरात. जवळचीच चांगली म्हटल्यावर पुढच्या विहिरींकडं कुणी गेलंच नाही, पाण्याची बाटली रिकामीच परत गेली. टोमॅटो व्यापाऱ्यानं नेला. भावही बरा दिला.

दोन दिवस माझं पोट धरून आलं. बायको काढा देताना म्हणाली, “पाणी बाधलं का मोठेपणा?” एवढंच. पुढं कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

तो त्याच आठवड्यात खोली सोडून गेला. शेठनं कामावरूनही काढलं होतं. जाताना त्यानं खोली झाडली, आणि बायकोला महिनाअखेरपर्यंतचं भाडं दिलं. ती घेईना. तो म्हणाला, “घ्या वहिनी. न्हाईतर अण्णांचं म्हणणं खरं होईल.” मी गोठ्यात होतो. भिंतीपलीकडून ऐकलं. बाहेर आलो नाही.

मार्चला हिशेब झाले तेव्हा त्याच्या जागी आलेल्या नव्या माणसानं विहिरी ‘होणार’मधून काढून ‘होईल न होईल’मध्ये टाकल्या. ऑडिटरपुढं माझा पंचनामा ठेवला, त्यांनीही मान्य केलं. म्हणजे तळाला एक टीप उरली. बँकेतली ठेव मोडली. पुढं दोन-तीन वर्षांत शेठनं मशिनी उचलल्या, शेडला कुलूप लावलं. खड्डा आहे तिथंच आहे. दत्तूचा दावा आहे तिथंच आहे. माझी विहीर आता कुणी वापरत नाही. मी तिच्या तोंडावर जाळी टाकून घेतली. बहात्तरसाली जिच्यावर लोक जगले, तिच्यात आता कबुतरं राहतात.

एकदा तो मला दिसला. घोडेगावच्या स्टँडवर, बाकावर एकटा बसला होता. वाळला होता. मांडीवर पिशवी, खिशाला पेन आणि पेन्सिल. वरच्या भागातल्या कुठल्याशा भातगिरणीचे हिशेब लिहितो असं ऐकलं होतं. त्यानं मला बघितलं आणि बाकावर सरकून जागा केली. दुसरं काही नाही, नुसती जागा केली. मला पुढं डिंभ्याकडं काम होतं, आणि त्याच बाजूच्या गाडीला तोही थांबलेला. मी समोर उभी असलेली मंचरची गाडी पकडली. मंचरला माझं काहीही काम नव्हतं. मंचरला उतरून चहा प्यालो आणि पुढची गाडी धरून घरी आलो. बायकोला सांगितलं, डिंभ्याचं काम झालं नाही.

त्याला सांगायला एकच वाक्य होतं माझ्याकडं. त्या बाकावर बसायला किती वेळ लागला असता?

हे सगळं मी आत्ता लिहायला घेतलं, कारण काल संध्याकाळी दत्तू आला होता. दहा वर्षांत त्याची माझ्या अंगणात पाय टाकायची पहिलीच वेळ. बसला नाही. हातातले कागद पुढं केले.

“शेठ फॅक्टरीची जागा विकायला निघालाय,” तो म्हणाला. “आमच्या वकिलीणबाईंनी कोर्टातून जुन्या वह्या मागवल्या. त्यात ह्ये निघालं. विक्रीच्या पैशातनं आधी विहिरींचा खर्च काढून ठेवा, असं त्या मागणारेत. ह्या कागदावर सगळं हाय.”

मी चष्मा लावला. बोट ठेवून ठेवून वाचलं. पाच विहिरींचा तक्ता, त्याच्या बारीक अक्षरात. पहिल्या ओळीवर माझी विहीर. खोली, गाळ, उपसा, खर्च. शेरा लिहायच्या रकान्यात एवढंच : “मालक नाही म्हणतात. तरी धरली आहे.” खाली तारीख. पंचनाम्याचीच तारीख होती. म्हणजे माझं ते बोलणं ऐकून तो फॅक्टरीत परत गेला, खुर्चीवर बसला, आणि तक्ता पेनानं पक्का केला.

“मग आता अडलं कुठं?” मी विचारलं.

“तुझ्यावर,” दत्तू म्हणाला. “शेठचा वकील म्हणतो, हा तक्ता आकसानं केलेला हाय. भाडं बुडवणारा माणूस, घरमालकाशी भांडण, त्याचं लिहिणं कोर्टानं धरू नये. तुझी सही दाखवतो.”

“त्यालाच बोलवा की कोर्टात. वही हाय त्याच्याकडं. दावंल तो.”

दत्तू म्हणाला, “दादा, तो गेला. भातलावणीच्या टायमाला. तुला कळवणार कोण?”

दत्तूनं मला दादा म्हटलं हेही माझ्या नंतर ध्यानात आलं. तो कागद ओट्यावर ठेवून निघून गेला. बायकोनं ते उचलले, माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, “आता तरी.” मी हो म्हणालो नाही. जेवलोही नाही. जेवण झाकून ठेवून ती झोपली.

आज सकाळी पहिल्या एस.टी.नं जुन्नरला गेलो. कोर्टाच्या बाहेर टाइपिंगवाले बसतात, त्यातल्या एका पोरीच्या टेबलापुढं उभा राहिलो. तिनं नाव, गाव, वय विचारलं, स्टँपपेपर लावला आणि म्हणाली, “हं, सांगा आजोबा.”

“लिही. त्या माणसाचं भाडं कधीच थकलेलं न्हवतं. आठ वर्षांत एक महिनाबी न्हाई. मी खोटं बोललो.”

तिनं दत्तूनं दिलेले कागद चाळले. “आजोबा, हे विहिरीच्या पाण्याचं प्रकरण आहे ना? मग आधी पाण्याचं घेऊ या. भाड्याचं खाली टाकते.”

“पाण्याचं सांगतो,” मी म्हणालो. “पण आधी ह्ये लिही. वर.”